शेऱ्याचा रकाना

वरिष्ठ प्राध्यापकपदाचा अर्ज अठरा पानी होता आणि त्यातली बारा पानं नुसत्या आकड्यांची होती. आजवर किती पेपर छापले, कुठल्या जर्नलमध्ये छापले, दुसऱ्या संशोधकांनी ते किती वेळा संदर्भाला घेतले, त्यावरून निघणारा निर्देशांक किती. मेंदू-विज्ञानाच्या त्या संस्थेत बाईंची तेवीस वर्षं गेली होती. उंदराच्या मेंदूचा पोस्टकार्डाच्या जाडीचा काप काढून तो दिवसभर जिवंत ठेवणं त्यांच्या हातचा मळ होता, पण असले रकाने भरायला घेतले की त्यांना जांभया सुटत. म्हणून त्यांनी ते काम संस्थेच्या ग्रंथपालांच्या गळ्यात घातलं.

खरं तर त्यांना आकड्यांची काळजी करायचं कारण नव्हतं. बारा वर्षांपूर्वीचा त्यांचा एक पेपर जगभर गाजला होता. काही उंदरांना नीट झोपू दिलं होतं, काहींना दीड दिवस जागं ठेवलं होतं, आणि दोघांच्या मेंदूचे काप कोमट द्रावणात ठेवून त्यातल्या पेशी किती भरभर विजेचे ठोके टाकतात ते मोजलं होतं. जाग्या उंदरांच्या पेशी जवळजवळ दीडपट वेगानं ठोके टाकत होत्या. झोप न मिळालेला मेंदू थकून मंद होत नाही, उलट दुधासारखा उतू जातो, असा त्याचा अर्थ निघाला. पाठ्यपुस्तकांनी त्यातली आकृती घेतली. परिषदांमध्ये लोक बाईंची ओळख करून देताना पेपराचं नाव आधी घेत आणि त्यांचं मागून. संस्थेत तर त्यांना पाठीमागे सगळे ‘जागरणबाई’च म्हणत, आणि ते त्यांना माहीत होतं.

घरी त्या आणि त्यांचे वडील, दोघंच. बाईंनी लग्न केलं नव्हतं. त्याची चौकशी करणारे नातेवाईक एकेक करून थकले होते. वडील चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितशोधक होते आणि एक्याऐंशीव्या वर्षीही औषधाच्या पुडीवरचा मजकूर हातात पेन्सिल घेऊन वाचत. त्या पेपराच्या संदर्भांनी हजाराचा आकडा ओलांडला तेव्हा बाईंनी त्यांना सांगितलं होतं, की याला आमच्याकडे उद्धरण म्हणतात. त्यावर ते म्हणाले होते, “म्हणजे हजार लोकांनी तुझा उद्धार केला. एवढा तर आमच्या मालकांचाही कुणी केला नसेल.”

ग्रंथपालांनी आठवड्याभरात यादी आणून दिली. एकूण पेपर बेचाळीस. एकूण संदर्भ दोन हजार पंधरा, त्यातले चौदाशे बारा एकट्या जागरणाच्या पेपराचे. निर्देशांक एकोणीस. म्हणजे एकोणीस पेपर असे, की प्रत्येकाला निदान एकोणीस वेळा तरी कुणी संदर्भाला घेतलं आहे. ग्रंथपाल हा शांत, किडकिडीत माणूस. पुस्तकाच्या पाठीवरची चिकटपट्टी किंचित तिरकी लागली तरी सोडवून पुन्हा लावणारा. यादी देऊनही ते गेले नाहीत. हातातलं आणखी एक पान त्यांनी टेबलाच्या कडेला ठेवलं.

अर्जात ‘तुमच्या कामाचा इतरांनी काय उपयोग केला’ असा एक रकाना होता. तो नीट भरता यावा म्हणून ग्रंथपालांनी त्या चौदाशे बारा संदर्भांतली वाक्यं वाचून काढली होती. बहुतेकांनी एका ओळीत नाव घेऊन पुढची वाट धरली होती. तोच प्रयोग पुन्हा करून पाहणारे फक्त अकरा निघाले. त्यातल्या तिघांना काहीसा तसाच परिणाम दिसला होता. आठ जणांना काहीच दिसलं नव्हतं. ते आठ पेपर लहानसहान जर्नलांमध्ये पडून होते आणि त्यांच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

बाईंनी ते पान वाचलं आणि त्यांच्या कपाळावरची शीर तटतटली.

“तुम्हाला मोजायला सांगितलं होतं,” त्या म्हणाल्या, “परीक्षा घ्यायला नाही.”

“मोजता मोजता वाचलं गेलं, मॅडम,” ग्रंथपाल म्हणाले. “नको असेल तर फाडून टाका.” आणि ते आले तसे निघून गेले.

बाईंनी पान फाडलं नाही. इतर कागदांखाली सरकवून ठेवलं. दोन दिवस त्यांनी त्या गठ्ठ्याला हात लावला नाही, पण तो तिथे आहे हे डोक्यातून जात नव्हतं. त्या आठांपैकी तीन पेपर त्यांनी छापून आले तेव्हाच वाचले होते आणि प्रत्येकाला मनातल्या मनात उत्तर देऊन टाकलं होतं. एकाच्या उंदरांची जात वेगळी होती. दुसऱ्यानं उंदरांना पुरतं जागंच ठेवलं नव्हतं. तिसऱ्याचे काप जाड होते. एकेकटी सबब कशी अंगापिंडानं धडधाकट दिसते. आता आठांसाठी तशा आठ सबबी एका रांगेत उभ्या केल्यावर मात्र त्यांचे पाय लटपटायला लागले.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्या तळघरातल्या कोठीची किल्ली घेऊन खाली उतरल्या. तिथे मोडक्या खुर्च्या होत्या, झाकण हरवलेलं एक जुनं यंत्र होतं आणि लोखंडी मांडणीवर वर्षावार लावलेली प्रयोगांची रजिस्टरं होती. बारा वर्षांपूर्वीची चार रजिस्टरं त्यांना लगेच सापडली. त्यांतलं अक्षर त्यांच्या प्रयोगशाळेत तेव्हा काम करणाऱ्या तंत्रज्ञाचं होतं. मेंदूचे इतके पातळ आणि एकसारखे काप संस्थेत दुसऱ्या कुणाला जमत नसत, म्हणून सगळे त्यांना पातळकाका म्हणत. ठसठशीत, जरा डावीकडे झुकलेलं अक्षर. तारीख, उंदराचा क्रमांक, कापाची जाडी, द्रावणाचं तापमान, आणि शेवटी शेरा.

मोजमापांचे रकाने बाईंना पाठ होते. पेपर लिहिताना त्यांनी ते चारचारदा तपासले होते. शेऱ्याचा रकाना मात्र त्यांनी कधी वाचला नव्हता. तिथे काय असायचं? ‘ठीक.’ ‘काप फाटला.’ ‘पंप आवाज करतो.’ ‘ठीक.’ बाई उभ्या उभ्या बोट फिरवत खाली आल्या. दुसऱ्या रजिस्टरच्या मध्यावर लिहिलं होतं: ‘जुना हीटर जळाला. शेजारून मागून आणून लावला. यंत्र ३० दाखवतं, काचेचा तापमापक ३२॥.’

दुसऱ्या दिवशीचा शेरा होता, ‘काच ३२॥.’ तिसऱ्या दिवशीही तोच. बाई पानं उलटत गेल्या. चौथं रजिस्टर संपेपर्यंत, चौऱ्याहत्तर दिवस, पातळकाकांनी न चुकता तेच लिहिलं होतं. तापमानाच्या रकान्यात यंत्रावरचा आकडा, तीस. शेऱ्यात काचेवरचा खरा आकडा, साडेबत्तीस.

बाई मोडक्या खुर्चीवर बसल्या. उंदरांना जागं ठेवायचं फिरतं चाक त्या वर्षी उशिरा आलं होतं. त्यामुळे झोपलेल्या उंदरांचे प्रयोग आधी उरकले होते, जुन्या हीटरवर. जागे उंदीर सगळेच्या सगळे नंतर, मागून आणलेल्या हीटरवर. द्रावण अडीच अंशांनी गरम असलं की पेशी जास्त वेगानं ठोके टाकतात, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असतं. जागं राहिलेला मेंदू तापला नव्हता. तापलं होतं पाणी.

त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. पुढचे नऊ दिवस त्या स्वतः बाकावर बसल्या. प्रयोगशाळेतल्या मुलींना वाटलं, मॅडमना पुन्हा हौस आली. झोपलेले उंदीर आणि जागे उंदीर, दोघांचेही काप तीस अंशांवर आणि दोघांचेही साडेबत्तीसवर, असे चारही प्रकार त्यांनी करून पाहिले. या वेळी शेजारी काचेचा तापमापक होता. नवव्या दिवशी दुपारी त्यांनी आकडे एकाखाली एक मांडले. तापमान सारखं असलं की झोपलेल्या आणि जाग्या पेशींत काडीचाही फरक नव्हता.

त्या वेळी त्यांना रडू कोसळायला हवं होतं, असं त्यांना स्वतःलाच वाटलं. तसं झालं नाही. प्रत्येक परिषदेच्या आदल्या दिवशी त्यांच्या पोटात एक गोळा येत असे. कुणी प्रश्न विचारायला हात वर केला की तो वर सरके. इतकी वर्षं त्या त्याला पित्त म्हणत होत्या. आता तो कशाचा होता ते कळलं, आणि भीतीच्या खाली कुठेतरी त्यांना किंचित हलकं वाटलं. भीती अर्थातच होती. त्या रात्री त्या नीट जेवल्या नाहीत.

आधी पातळकाकांना भेटायला हवं होतं. निवृत्त होऊन त्यांना सहा वर्षं झाली होती. ते मुलीकडे राहत. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, खिडकीत कुंड्या, कोपऱ्यात नातीचं अभ्यासाचं टेबल. बाईंना दारात पाहून ते गडबडले. पाणी आणायला आत गेले आणि ट्रे हातात धरून आले तेव्हा पेले एकमेकांवर किणकिणत होते. त्यांचे हात कापत होते. बाईंनी उठून ट्रे घेतला. ते म्हणाले, दोन वर्षं झाली, डॉक्टर म्हणतात वयाचं आहे. आता नात बटणं लावून देते.

बाईंनी रजिस्टर आणलं होतं. ते पान उघडून त्यांच्यासमोर ठेवलं आणि काय निघालं ते सगळं सांगितलं. पातळकाकांनी स्वतःच्या अक्षरावरून बोट फिरवलं.

“मी लिहून ठेवलं होतं,” ते म्हणाले.

“हो.”

“सांगायलाही आलो होतो. तुम्ही दारातच फोनवर होतात. हातानं ‘नंतर’ म्हणालात. मग मी म्हटलं, लिहिलंय ना रोज, वाचतीलच. पेपरचं नाव झालं तेव्हा मनात आलं होतं. पण मग वाटलं, एवढी शिकलेली माणसं आहेत, त्यांनी हिशोबात धरलंच असेल. मी कोण सांगणारा.”

बाईंना तो फोन आठवत नव्हता. आठवत नाही हे त्यांनी सांगितलं, आणि हेही सांगितलं की चूक वाचणारीची आहे, लिहिणाऱ्याची नाही. तो शेरा नसता तर हा गुंता जन्मात सुटला नसता. उंदरांच्या जातीला आणि कापांच्या जाडीला दोष देत सगळे बसले असते. पेपर मागे घेत असल्याचं निवेदन त्या लिहिणार होत्या, आणि रजिस्टर कुणी ठेवलं होतं ते त्यात नावानिशी लिहायची त्यांना परवानगी हवी होती.

“मूळ पेपरात माझं नाव नव्हतं,” पातळकाका म्हणाले. तक्रार म्हणून नाही, आठवलं म्हणून.

“नव्हतं. तीही माझीच चूक.”

ते हसले. मग म्हणाले, बारा वर्षं त्यांना कधीकधी वाटायचं, आपण दारातून परत फिरायला नको होतं. ते हीटरचं भूत अधूनमधून येऊन बसायचं. आता गेलं म्हणायचं. जाताना त्यांनी बाईंना जिन्यापर्यंत पोचवलं आणि नाव लिहाल तर मधलं अक्षर विसरू नका, कारण त्याच नावाचा त्यांचा एक चुलतभाऊ आहे आणि तो फुकटचं श्रेय घेईल, असं बजावलं.

निवेदन अर्ध्या पानाचं होतं, पण ते लिहायला बाईंना दोन संध्याकाळी लागल्या. पूर्ण झाल्यावर त्यांनी वडिलांना काय घडलं ते सांगितलं. ऐकून झाल्यावर ते म्हणाले, “मजकूर आण. आणि मराठीत सांग एकेक वाक्य.”

बाई वाचत गेल्या. वडील डोळे मिटून ऐकत होते, पेन्सिल मात्र हातात होती.

“‘दुर्दैवाने’ काढ,” ते म्हणाले. “दैवाचा काय संबंध? हीटर होता.”

बाईंनी काढलं.

“‘ही नोंद नजरेआड झाली.’ कुणाच्या?”

“माझ्या.”

“मग तसं लिही. नोंद आपणहून आड जात नाही.”

असं करत करत अर्ध्या पानाचं पाव पान झालं. ‘नोंदवहीतला शेरा मी वाचला नाही,’ एवढं एक वाक्य मधोमध उघडं उभं राहिलं. बाईंना ते आधी बोचलं. मग दोनतीनदा वाचल्यावर वाटलं, आता याला कुणी आणखी काही करू शकत नाही. वडिलांनी कागद परत दिला आणि सांगितलं, की छापखान्यात असताना ज्या पुस्तकाला शुद्धिपत्र जोडलेलं असे ते पुस्तक ते स्वतःसाठी विकत घेत. निदान कुणीतरी ते छापल्यानंतर पुन्हा वाचलं होतं, एवढी तरी खात्री असायची.

पेपरावर आणखी दोन नावं होती. बाईंचे गुरू आता हयात नव्हते. दुसरे सहलेखक दूर देशी होते. त्यांनी आकडे मागवले, एक दिवस घेतला आणि निवेदनावर आपलं नाव घालायला संमती दिली.

राहिले संचालक. ते काही वाईट माणूस नव्हते, पण संस्थेची क्रमवारी त्यांच्या उशाशी असायची. त्यांनी आधी दार लावून घेतलं. निवड समिती तीन आठवड्यांवर आली आहे, याची त्यांनी आठवण करून दिली. पेपर बारा वर्षं उभा आहे, आणखी दोन महिने उभा राहिला तर आभाळ कोसळणार नाही. निवड होऊ द्या, मग सावकाश पाठवा. हे ते काळजीनं सांगत होते आणि बाईंनाही ते कळत होतं.

“दोन महिन्यांत आणखी दहाबारा जण त्यावर मजला चढवतील,” बाई म्हणाल्या. “आणि मुलाखतीत मला त्याच्यावरच प्रश्न विचारतील. मी काय सांगू?”

संचालकांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, की तुम्ही मला न सांगता पाठवलं असतं तर मी जास्त सुखी झालो असतो. पण त्यांनी अडवलं नाही. बाई आपल्या खोलीत आल्या आणि त्याच दुपारी निवेदन जर्नलकडे पाठवून दिलं. एक प्रत त्यांनी अर्जालाही जोडली.

मग ग्रंथालयात गेल्या. ग्रंथपाल कपाटाच्या वरच्या फळीवर हात घालून उभे होते. बाईंनी त्यांची माफी मागितली. साध्या शब्दांत, उभ्या उभ्याच. आणि निवेदन वाचायला दिलं. ते ग्रंथपालांनी दोनदा वाचलं, खुर्ची ओढून बसले आणि काहीतरी आकडेमोड करायला लागले. मागे घेतलेला पेपर यादीतून काढला तर काय उरतं, ते त्यांना पाहायचं होतं. बाई म्हणाल्या, राहू द्या, उजाड झालं असेल.

“एकूण संदर्भ सहाशे तीन,” ग्रंथपाल म्हणाले.

“आणि निर्देशांक?”

“अठरा.”

बाईंना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. ग्रंथपालांनी कागद फिरवून दाखवला. त्या हिशोबात चौदाशे बारा संदर्भांचा पेपरही एकच पेपर आणि वीस संदर्भांचाही एकच. एक गेला, एकोणिसाचे अठरा झाले. बाकीचे एकेचाळीस जिथल्या तिथे होते. बाईंना असं हसू फुटलं की त्यांना कपाटाला धरावं लागलं. बारा वर्षं ज्याच्या जिवावर त्या ओळखल्या गेल्या, त्याची किंमत त्या आकड्याच्या लेखी एक होती. ग्रंथपालही हसले, पण ग्रंथालयात हसावं तसं, आवाज न करता.

निवेदन दहा दिवसांत छापून आलं. पहिला आठवडा कठीण गेला. कँटीनमध्ये बाई आल्या की टेबलावरचं बोलणं दुसऱ्या विषयाकडे वळे. एका जुन्या ओळखीच्या प्राध्यापकांनी पत्रात सांत्वन केलं, जणू घरात कुणी गेलं होतं. दोघातिघांनी आपल्या पुढच्या आवृत्तीतून आकृती काढत असल्याचं कळवलं. आणखी कुणी काही म्हटलं नाही. ज्या वादळाच्या भीतीनं बाईंनी दारंखिडक्या लावून घेतल्या होत्या, ते दोनचार पानं उडवून पुढे गेलं.

मग एका सकाळी फोन आला. पलीकडे एक अनोळखी स्त्री होती, बोलताना अडखळणारी. ती दुसऱ्या एका शहरातल्या महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत होती. तिनं आधी निवेदनाबद्दल दोन वाक्यं पाठ केल्यासारखी म्हटली आणि मग स्वतःचं सांगायला लागली.

सात वर्षांपूर्वी ती पीएच.डी. करत होती. जागरणाच्या पेपराच्या पुढचं काम तिला दिलं होतं, पण त्यासाठी आधी मूळ परिणाम दिसायला हवा होता. तो दिसेना. दोन वर्षं तिनं काप काढले. तिचे मार्गदर्शक म्हणाले, एवढे शेकडो पेपर चुकीचे कसे असतील, तुझे हात वाईट आहेत. तिनं काहीच छापलं नाही. दुसऱ्या, सोप्या विषयावर कशीबशी पदवी घेतली आणि प्रयोगशाळा सोडली.

“तुम्ही द्रावण किती अंशांवर ठेवत होतात?” बाईंनी विचारलं.

“तीस. काचेचा तापमापक लावून. माझा यंत्रावर विश्वास नसायचा.”

बाईंनी डोळे मिटले. “तुमचे हात वाईट नव्हते,” त्या म्हणाल्या. “तुम्ही बरोबर मोजलं होतं. चुकलं होतं माझं.”

पलीकडून श्वास घेतल्याचा आवाज आला, पाण्याखालून वर आल्यावर घेतात तसा. ती म्हणाली, हे कुणीतरी एकदा म्हणायला हवं होतं. एवढंच ऐकायचं होतं. सात वर्षं ती स्वयंपाकघरात काही सांडलं तरी हातांना दोष देत होती. नवरा म्हणायचा, हे काय नवीन. ती हे सांगताना हसत होती आणि नाकही ओढत होती. बाईंनी तिला विचारलं, तुमची ती मोजमापं अजून आहेत का. ती म्हणाली, माळ्यावर खोक्यात आहेत. टाकवली नाहीत.

फोन ठेवल्यावर बाई खिडकीपाशी गेल्या. खाली माळी पाण्याची नळी गुंडाळत होता. त्यांना जाणवलं, की पोटातला तो गोळा पुष्कळ दिवसांत आलेला नाही. कधी गेला हेही त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

मुलाखतीत पाच जण होते. अर्धा वेळ मागे घेतलेल्या पेपरावरच गेला. एकानं जरा तिरकसपणे विचारलं, की तो वजा केल्यावर तुमच्याकडे उरतं काय. बाई म्हणाल्या, एकेचाळीस पेपर आणि शेरे वाचायची सवय. दोघं हसले, एकानं काहीतरी टिपून घेतलं. पद दुसऱ्या माणसाला मिळालं, खालच्या मजल्यावर दृष्टीवर काम करणाऱ्या सहकाऱ्याला. माणूस चांगला होता, काम चोख होतं. बाईंनी त्याचं अभिनंदन केलं आणि ते करताना मनात खरोखर काही टोचलं नाही, याचं त्यांना जरा नवल वाटलं. घरी सांगितल्यावर वडील म्हणाले, बरं झालं, नाहीतर त्या पदाच्या बैठकाच तुला खाऊन टाकत्या. त्यात थोडी समजूत होती आणि थोडं खरंही होतं.

सुट्टी लागली तेव्हा ती शिक्षिका खोकं घेऊन आली. पस्तिशीची, उंच, प्रयोगशाळेतल्या कोटाच्या बाह्या दुमडून घेणारी. पहिल्या दिवशी बाकावर बसताना ती कचरली. पण पातं हातात घेतल्यावर अर्ध्या तासात बाईंना कळलं की हात कसलेला आहे. काप एकसारखे, कडा स्वच्छ. बाईंनी तोंडावर फार कौतुक केलं नाही, फक्त मुलींना बोलावून बघायला उभं केलं. दोघींनी मिळून सहा आठवडे काम केलं. तिची जुनी मोजमापं, बाईंचे नऊ दिवस आणि नवे प्रयोग एकत्र करून एक छोटा पेपर झाला. जागरणानं त्या पेशींच्या ठोक्यांत बदल होत नाही, तापमानानं होतो, एवढंच त्याचं सांगणं. तिचं नाव पहिलं. तिला ते पटत नव्हतं. बाई म्हणाल्या, सात वर्षं आधी तुम्हीच शोधलं होतं.

शनिवारी दुपारी त्यांनी तो पाठवला. बटण शिक्षिकेनं दाबलं. दोघींनाही भूक आवरत नव्हती, म्हणून त्या खाली कँटीनला गेल्या, तर कँटीन बंद. मागच्या पायऱ्यांवर ऊन होतं. शिक्षिकेनं पिशवीतून दोन संत्री काढली. एक बाईंना दिलं आणि दुसरं सोलत विचारलं, की या पेपराला कुणी संदर्भाला घेईल का.

“चारपाच जण घेतील,” बाई म्हणाल्या.

“चालेल,” शिक्षिका म्हणाली, आणि दोघी संत्री खात उन्हात बसून राहिल्या.